फ्लोरीच्या झाडाची आई

फ्लोरीच्या सीताफळाला बिया नसतात हे उत्तनजवळच्या पाली गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचं कौतुक कोणालाच नव्हतं. बाजारात ती फळं घेऊन बसली की गिऱ्हाईक एखादं फोडून बघायचं आणि आत नुसता गर दिसला की "इंजेक्शन मारा है क्या?" असं विचारून पुढे सरकायचं. म्हणून फ्लोरी ती फळं बहुतेक घरीच खायची नाहीतर शेजारीपाजारी वाटायची. क्वचित कधी चार नेलीच तर सुक्या मासळीच्या टोपलीच्या कडेला ठेवायची.

शेजारी म्हणजे तिची मोठी जाऊ गर्ट्रूड. दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे गर्ट्रूडचं सीताफळ, पलीकडे फ्लोरीचं. गर्ट्रूडचं झाड जुनं, घेरदार. फळ हातात घेतलं की जड लागायचं, आणि आत काळ्याभोर बियांची गर्दी. ते बाजारात हातोहात जायचं. गर्ट्रूडला फ्लोरीच्या झाडाची कीव यायची. फ्लोरीचीही यायची. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी जेसिका लग्न करून दुबईला होती. गर्ट्रूडचा नवरा अल्फान्सो मात्र धडधाकट, ओट्यावर जाळी विणत बसलेला. फ्लोरीची कीव करणं गर्ट्रूडला मनापासून जमायचं आणि त्यात तिला बरंही वाटायचं.

एका ऑक्टोबरात हे सगळं फिरलं.

गोडदेवला राहणारी नीलम नावाची मुलगी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. तिची आई वासंतीबाई सुके बोंबील घ्यायला फ्लोरीकडे नेहमी यायची. त्या दिवशी बोंबलांबरोबर तिने दोन सीताफळंही नेली. सकाळी नाश्त्याला नीलमने एक फोडलं. चमच्याला बी लागेना. दुसरंही फोडलं. मग चमचा तसाच टाकून तिने आईला विचारलं, "हे कुठून आणलंस?" आणि रविवारी उत्तनची बस पकडून, पुढे रिक्षा करून ती पालीच्या बोळात हजर झाली.

गर्ट्रूड तेव्हा बोंबील वाळत घालत होती. एक पाठीला सॅक लावलेली मुलगी फ्लोरीच्या झाडाखाली उभी राहते, पानं चिमटीत धरून बघते, फोटो काढते, आणि फ्लोरी पदराने खुर्ची पुसून तिला बसायला देते, हे सगळं तिला भिंतीवरून दिसत होतं.

"कोण गो ती?" मुलगी गेल्यावर तिने विचारलं.

"सायन्सवाली हाय," फ्लोरी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "बोलते, असं झाड लाखांत एक."

"बिया न्हायत म्हणून?"

"बिया न्हायत म्हणूनच!"

गर्ट्रूड हसली, पण हातातला बोंबील तिने काठीवर टांगायचा तो खालीच टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात झाडं फुलली तशी नीलम वरचेवर येऊ लागली. एकदा तिने फ्लोरीच्या ओट्यावर बसून एक फूल ब्लेडने उभं चिरलं आणि भिंग फ्लोरीच्या हातात दिलं. गर्ट्रूडला कोणी बोलावलं नव्हतं. तिने भिंतीवर गोधडी वाळत टाकली आणि ती सारखी करत उभी राहिली.

"हा मधला गोळा दिसतो ना आंटी, तुतीच्या फळासारखा?" नीलम सांगत होती. "त्यातल्या प्रत्येक टेंगळाच्या आत एक बीजांड असतं. बी होण्याआधीचं बी समजा. एवढंसं, पण ते वाढताना अंगावर दोन कोट चढवतं. आधी आतला, मग बाहेरचा. बाहेरचा कोट चढवायचा हुकूम एका जीनचा असतो. हुकूम सुटला नाही तर बीजांड एका कोटावरच राहतं, आणि त्याचं बी होत नाही. बाकी फळ मात्र भरतं, कारण गर बाहेरून येतो."

"मग माझ्या झाडात तो हुकूम न्हाय?"

"मला तसंच वाटलं होतं. थायलंडच्या एका सीताफळात असंच सापडलंय. तिथे तो जीन पूर्ण गायब होता, वहीतलं पानच फाटून गेल्यासारखा. तुमच्या झाडात मी तपासलं, तुमच्यातही तो नाहीये."

फ्लोरीने झाडाकडे असं बघितलं, जसं ती जेसिकाच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी तिच्याकडे बघत होती.

"आणि हे झाड आलं कुठून?" नीलमने वही उघडली.

गर्ट्रूडचा हात गोधडीवर थांबला.

"आमच्या ह्यांनी वसईवरून आणलेला," फ्लोरी म्हणाली. "लहान होता. कोणी दिला, मना ठाव न्हाय."

वसई? बावीस वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या झाडाचं एक पिकलेलं फळ खाऊन त्याच्या बिया दुधाच्या पिशव्यांत लावल्या होत्या. बारा रोपं उगवली. फ्लोरीचं घर नुकतंच बांधून झालं होतं, तेव्हा त्यातलं एक तिने भिंतीवरून फ्लोरीच्या हातात दिलं होतं. सगळ्यांत मरतुकडं होतं ते, हे खरं. चांगली तिने मागे लावली. दोन पावसाळ्यांत काही कुजली, काही नवीन संडासाच्या बांधकामात गेली. जगलं ते एकटं भिंतीपलीकडचं. ते झाड तिचं होतं. तिच्या झाडाच्या पोटचं होतं. आणि फ्लोरी म्हणते वसई!

ती तेव्हाच बोलू शकली असती. पण तिला वाटलं, मी कशाला बोलू? त्यांनी मला विचारावं. भिंतीपलीकडून "आंटी, तुम्हाला काही माहीत आहे का?" एवढं तर विचारावं. कोणी विचारलं नाही. गोधडी घडी करून ती आत गेली.

मग तर दिवसच फ्लोरीचे आले. भाईंदरच्या एका स्थानिक पेपरात फोटो छापून आला: झाड, झाडाखाली फ्लोरी, चर्चला नेसायची साडी नेसलेली. बोळातली माणसं थांबून झाड बघू लागली. चौक गावातून दोघीजणी खास फळ कधी मिळेल ते विचारायला आल्या. इतकी वर्षं ज्या फळाला कोणी हात लावत नव्हतं, त्याला आता आधीच मागणी लागली. फादरनी मिसा संपल्यावर फ्लोरीला थांबवून अभिनंदन केलं. गर्ट्रूड दोन पावलं मागे उभी होती, आणि फादर तिच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही पण ह्यांच्याच शेजारी ना?" चाळीस वर्षं ती त्या चर्चमध्ये फुलं लावत होती.

"तुना काय झालंय?" अल्फान्सोने एकदा विचारलं. "तिचं चांगलं झालं तर तुझं काय जातं?"

"माझं काय जातं?" गर्ट्रूड म्हणाली. "माझं काय हाय, जायला!"

एप्रिलच्या शेवटी नीलम भिंतीला वळसा घालून पहिल्यांदा गर्ट्रूडच्या दारात आली. गर्ट्रूडने घाईने केस सारखे केले. शेवटी आली, तिला वाटलं. कुणीतरी सांगितलं असणार हिला.

"आंटी, तुमच्या झाडावरची काही फुलं वापरू का?" नीलम म्हणाली. "काही फुलांना फ्लोरी आंटींच्या झाडाचा पराग लावायचाय, काहींना चौक गावातल्या एका झाडाचा. फळं पिकली की बिया घेऊन रोपं करणार आणि त्यांची तपासणी करणार. फ्लोरी आंटींच्या झाडाच्या परागात काही खोट नाही, खोट फक्त बीजांडात आहे. म्हणून बी धरायला दुसरं झाड लागतं."

"माझं झाड कशाला? चांगलं हाय म्हणून?"

"साधं आहे म्हणून," नीलम हसून म्हणाली. "साधंच पाहिजे मला."

तिच्या मनात काही नव्हतं. तिच्या शास्त्रात साधं म्हणजे निरोगी, पूर्ण, बिनखोटीचं. पण गर्ट्रूडच्या काळजात तो शब्द काट्यासारखा रुतला. फ्लोरीचं झाड लाखांत एक आणि आपलं साधं. आपल्या झाडाने फ्लोरीच्या झाडाची पोरं वाढवायची. तरी ती "घे" म्हणाली. नाही म्हणायला कारण काय सांगणार?

आठवडाभर नीलम सकाळ-संध्याकाळ शिडीवर होती. फूल उमलायच्या आधीच त्यावर कागदी पिशवी चढवायची, सकाळी बारीक ब्रशने पराग टेकवायचा, पुन्हा पिशवी. फ्लोरीच्या झाडाचा पराग लावला त्या देठाला लाल दोरा, चौकातल्या झाडाचा लावला त्याला पिवळा. पिशव्या निघाल्या तेव्हा फळं मिरीएवढी धरलेली होती: अकरा लाल, अकरा पिवळी.

मे महिन्यातली रोझरी होती त्या दिवशी. दुपार टळली तशी फ्लोरी आणि अर्धा बोळ ग्रोटोकडे प्रार्थनेला गेला. गर्ट्रूडने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. घरात बसून तिला खिडकीतून आपलंच झाड दिसत होतं, आणि त्यावर ठिकठिकाणी लाल दोरे. जणू कोणी दुसऱ्याने आपल्या घरात येऊन आपल्या वस्तूंवर स्वतःचं नाव घातलंय. ती उठली. शिडी तिथेच होती. तिने चार लाल दोरे सोडले, चार पिवळे सोडले, आणि त्यांची अदलाबदल केली. नीलमने मारली होती तशीच दुहेरी गाठ मारली. गाठी तिला काय नवीन? जन्म जाळ्यांत गेला होता. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम.

"शिडीवर काय करत होतीस?" अल्फान्सोने ओट्यावरून विचारलं.

"मुंग्या लागल्यात."

तो पुन्हा जाळीकडे वळला. पुढच्या कन्फेशनला गर्ट्रूडने राग येतो, जीभ सुटते, एवढं सांगितलं. दोऱ्यांचं सांगितलं नाही. दोरे काय पाप असतात, असं स्वतःला म्हणून ती बाहेर आली. पण त्या दिवसापासून नीलम आली की ती आत जायची.

सप्टेंबरात नीलमने फळं उतरवली, दोऱ्यांसकट मोजून नेली. बिया पेरल्या, रोपं उगवली. जानेवारीच्या एका सकाळी ती परत आली तेव्हा फ्लोरी बाजारात गेलेली होती. नीलम फ्लोरीच्या बंद दारासमोर उभी राहिली, मग भिंतीला टेकून बसली, आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागली. गर्ट्रूडने तिला आत घेतलं. पाणी दिलं. न घेऊन करते काय?

"काय झालं गो पोरी?"

"सगळं फुकट गेलं आंटी." नीलमने नाक पुसलं. "प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. तुमचं झाड चांगलं, म्हणून प्रत्येक रोपाला तुमच्याकडून एक चांगली प्रत मिळायलाच पाहिजे होती. लाल असो की पिवळा. पण कितीतरी रोपांमध्ये एकही प्रत नाहीये! लाल दोऱ्यांतही, पिवळ्यांतही. पिवळ्यांत तर शक्यच नाही, चौकातलं झाड मी दोनदा तपासलंय. सर म्हणाले, तू दोरे उलटेसुलटे बांधलेस. मी बांधले नाहीत! पण ते म्हणाले, हिच्या एकाही आकड्यावर माझा विश्वास नाही. एक वर्ष गेलं. फुलं वर्षातून एकदाच येतात."

गर्ट्रूडला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपल्याला थंडावा वाटेल. तसं काही झालं नाही. ही पोरगी फ्लोरीची कोणी नव्हती. आपण दगड मारला एकीला आणि लागला भलतीलाच.

"आणि लालमध्ये ते कसं होईल?" तिने हळूच विचारलं. "प्रत नसणं?"

"तुमच्या झाडातही एक प्रत गायब असेल तरच. दुसरी चांगली असली की झाडाला बिया येतात आणि माझ्या टेस्टमध्येही सगळं ठीक दिसतं. मग अर्ध्या रोपांना तुमच्याकडून काहीच मिळणार नाही. पण त्यासाठी तुमचं झाड फ्लोरी आंटींच्या झाडाच्या रक्ताचं पाहिजे. आणि ते तर वसईचं आहे."

चूल पेटलेली होती, चहा उतू गेला, तो दोघींनी बघितला नाही. गर्ट्रूडला इतका स्पष्ट पेच आयुष्यात कधी पडला नव्हता. ती ज्याची वर्षभर वाट बघत होती ते हेच होतं: तिच्या झाडाचं आईपण, शास्त्राने सांगितलेलं. एक वाक्य बोललं की झालं. पण त्या वाक्याबरोबर दुसरंही बोलावं लागणार होतं. नाहीतर पिवळ्या दोऱ्यांचं कोडं तसंच राहणार आणि त्या पोरीच्या कपाळावरचा डागही.

"वसईचं न्हाय ते," ती म्हणाली. "माझ्या झाडाच्या बीचं हाय. मीच लावलेलं, मीच दिलेलं." आणि नीलम काही बोलायच्या आत, जीभ मागे फिरायच्या आत, "दोरे पण मीच बदलले. चार लाल, चार पिवळे. तू बरोबर बांधले होतेस."

नीलमने सॅकमधून वही काढली. प्रत्येक फळाची रोपं तिने वेगळी ठेवली होती. तिचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"पिवळी चार फळं अशी आहेत, ज्यांची अर्धी रोपं बिनजीनची आहेत," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि लाल चारांत एकही तसं नाही. बरोबर चार." तिने मान वर केली. चेहऱ्यावर आनंद होता आणि संतापही. "का केलंत आंटी? मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"तू न्हाय केलंस." गर्ट्रूडने उतू गेलेल्या चहावर फडकं टाकलं.

नीलम चहा न घेता गेली. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "सरांना मी खरं ते सांगणार. तुमच्या नावासकट."

"सांग."

दुपारी फ्लोरी आली तेव्हा गर्ट्रूड स्वतः भिंतीशी गेली आणि तिलाही सगळं सांगितलं. तिला वाटलं फ्लोरी आरडाओरडा करेल, बोळ गोळा करेल. फ्लोरीने टोपली खाली ठेवली.

"मना ठाव होता, झाड तू दिलेलंस," ती म्हणाली.

"मग वसई का बोललीस?"

"देताना काय बोललेलीस तू, वैनी? आठवतंय? 'हा काय जगायचा न्हाय, तुना दिला काय नि फेकला काय.' माझ्या नव्या घरात, माझ्या मायच्या समोर." फ्लोरीचा आवाज चढला नाही. "तो जगवला मी. म्हणून तुझं नाव घेतलं न्हाय. न्हायच घेणार होते."

गर्ट्रूडला ते वाक्य आठवत नव्हतं. पण आपण ते बोललो असणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका वाटली नाही. मग फ्लोरीने टोपली उचलली. दोन आठवडे त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. नंतर घरातलं मीठ संपलं म्हणून बोलल्या.

सरांनी नवी फुलं, नवा हंगाम, सगळं पहिल्यापासून करायला सांगितलं. एप्रिलात नीलम पुन्हा आली. या वेळी दोऱ्यांच्या जागी नंबर कोरलेल्या पत्र्याच्या चकत्या होत्या, आणि झाडाभोवती हिरवी जाळी. जाळीवर लक्ष ठेवायचं काम तिने गर्ट्रूडच्या देखत अल्फान्सोला दिलं. गर्ट्रूडने ते मुकाट गिळलं. आपल्याच अंगणात आपल्याच झाडाजवळ जाताना नवऱ्याची परवानगी घ्यायची, आणि तोही मोठा शिपाई असल्यासारखा "काय काम हाय?" विचारायचा. पण शिडी धरायला कोणी नसलं की नीलम तिलाच हाक मारू लागली, आणि जूनपर्यंत चहाही घेऊ लागली.

पुढच्या हिवाळ्यात रोपं तपासली तेव्हा फ्लोरीच्या परागाची बरोबर निम्मी रोपं बिनजीनची निघाली, चौकातल्या झाडाच्या परागाचं एकही नाही. गर्ट्रूडचं झाड फ्लोरीच्या झाडाची आई आहे, आणि आपल्याच परागावर फळ धरल्यामुळे बापही तेच, हे आता सरांनीही मान्य केलं. नीलमच्या लेखात फ्लोरीच्या झाडाला 'पाली' हे नाव मिळालं. गर्ट्रूडच्या झाडाला मिळाला एक नंबर आणि एक तळटीप. पेपरवाला काही परत आला नाही.

फेब्रुवारीत संस्थेत लोकांसाठी खुला दिवस होता. नीलमने दोघी जावांना बोलावलं. दोघी चर्चच्या साड्या नेसून गेल्या. थंडगार खोलीत एका टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, आणि नीलमने दोन काचा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

"आधी कोण बघतंय?"

"मी," गर्ट्रूड म्हणाली, फ्लोरीने तोंड उघडायच्या आधी.

तिने डोळा लावला. पहिल्यांदा नुसता उजेड दिसला, मग नीलमने स्क्रू फिरवला आणि निळ्या रंगात रंगलेलं एक बीजांड समोर आलं; वाकलेलं, गुबगुबीत, त्याच्याभोवती दोन पदर, एकावर एक घट्ट बसलेले.

"हे तुमच्या झाडाचं," नीलम म्हणाली. मग काच बदलली. "आणि हे फ्लोरी आंटींच्या झाडाचं."

हे सरळ उभं होतं, किडकिडीत. अंगावर एकच पदर. गर्ट्रूड बघत राहिली. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच वाटलं, की हे आपण आणखी थोडा वेळ बघावं.

"सरक ना वैनी," फ्लोरी मागून म्हणाली. "माझं हाय ते. मना बघू दे."

"थांब गो," गर्ट्रूड म्हणाली, आणि डोळा न काढता तिने कोपर टेबलाच्या कडेवर घट्ट रोवलं.